शुक्रवारी राजवाडा बंद, शनिवारी सिनेगॉग

*प्रिय ताई,*

*मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. नोव्हेंबरअखेर कोचीला एक राष्ट्रीय परिषद आहे. त्यात कांदळवनांवरचा माझा शोधनिबंध निवडला गेलाय. राज्याबाहेर वाचायची ही पहिलीच वेळ. परिषद गुरुवार ते शनिवार, एर्नाकुलमला मरीन ड्राइव्हजवळच्या हॉटेलात. माझं वाचन शुक्रवारी सकाळी. मी नेत्रावतीनं बुधवारी दुपारी पोचेन, आणि परतीची गाडी रविवारी दुपारी आहे.*

*अडचण अशी. आमच्याच विभागातले एक ज्येष्ठ सरही येताहेत. त्यांचा निबंध गुरुवारीच संपतो. त्यांचं आणि आणखी दोघांचं ठरलंय: गुरुवारी किट घ्यायचं, संध्याकाळी गाडी करून मुन्नार गाठायचं, शनिवारी येताना अलप्पुळा. 'तुमचा निबंध आटोपला की बसनं वर या, टॅक्सीची चौथी वर्गणी तुमची,' असं मला सांगितलंय. मी यायला जमणार नाही म्हटलं, तर म्हणाले, 'मग निदान आमच्या सह्या करा आणि प्रमाणपत्रं घेऊन ठेवा. सगळेच करतात.' घरी म्हणतात, एवढ्या लांब जातेयस तर चार ठिकाणं बघून ये. आणि मला वाटतं, समुद्र काय बघायचा, तो दारात आहे. एकटीनं परक्या शहरात फिरायची सवयही नाही. काय करू?*

*— एक प्राध्यापिका*

प्रिय प्राध्यापिकाबाई,

आधी सह्यांचं. करू नका. सरांनी हे सहज म्हटलं असेल, पण उद्या कुणी हजेरीपट आणि प्रवासभत्त्याचं बिल शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर अक्षर तुमचं निघेल, सरांचं नाही. ते ऑन ड्युटी रजेवर येताहेत. ती रजा मुन्नारसाठी नाही, हे त्यांना सांगणं तुमचं काम नव्हे. पण खोटी सही न करणं हे मात्र तुमचंच काम आहे. भांडायची गरज नाही. ‘सर, सह्यांचं मला जमणार नाही, प्रमाणपत्राचं तुम्ही आयोजकांशी बोलून घ्या,’ एवढं एकच वाक्य चहाच्या वेळी म्हणा आणि विषय बदला. पुढे स्पष्टीकरण देत बसलात की ते त्यातूनच वाट काढतील. ज्येष्ठांचा अनुभव तेवढा असतोच.

मुन्नारचा हिशेब मात्र त्यांनी नीट केलेला दिसत नाही. कोचीहून मुन्नार साधारण १३० किलोमीटर, आणि त्यातला शेवटचा टप्पा घाटाचा. जायला चार तास धरा, यायला चार. मग पुन्हा अलप्पुळा दुसऱ्या दिशेला पन्नासेक किलोमीटर. दोन दिवस गाडीच्या काचेतून पाहायचे आणि वर उलटीच्या गोळ्या घ्यायच्या. मुन्नार सुंदर आहे, पण ते घरच्या माणसांबरोबर, तीन रात्री मुक्काम ठेवून करायचं गाव आहे. निबंध वाचून घसा कोरडा पडलेला असताना एकटीनं बस पकडून करायचं नाही.

सत्रं बुडवण्याबद्दल मी जरा तिखट बोलते, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच एका किनाऱ्यावरच्या शहरात निबंध वाचायला गेले होते. माझी वेळ होती शेवटच्या दिवशी दुपारी तीनची. रात्र रात्र जागून तयारी केलेली. सभागृहात होते सत्राध्यक्ष, प्रोजेक्टर चालवणारा मुलगा, आणि मी. बाकी सगळे बीचवर. अध्यक्षांनी घड्याळ पाहून ‘थोडक्यात आटपा’ म्हटलं. प्रोजेक्टरवाल्या मुलानं शेवटी टाळ्या वाजवल्या, त्या अजून कानात आहेत. तेव्हापासून मी स्वतःसाठी एक पथ्य ठेवलं: ज्या सत्रात आपण वाचतो, ते पहिल्या निबंधापासून शेवटच्या निबंधापर्यंत ऐकायचं. बाकीच्या सत्रांत आपल्या विषयाचं नसेल तर चहाच्या सुट्टीनंतर निसटायला माझी हरकत नाही. मीही निसटते.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘समुद्र दारात आहे, तो काय बघायचा?’ अहो, कोचीला समुद्र बघायला जायचंच नसतं! पुळण म्हणाल तर तुमच्या भाट्याच्या पासंगालाही लागणार नाही अशी चिंचोळी, त्यात पावसानंतर खाडीतून वाहून आलेल्या जलपर्णीचे ढीग. कोचीत बघायची ती खाडी, आणि त्या खाडीनं कुणाकुणाला आत घेतलं ते. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळानं निकामी झालं आणि दक्षिणेला कोचीचं मुख मोकळं झालं, असं मानतात. मग अरब आले, चिनी आले, पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डच आणि १७९५ मध्ये इंग्रज. एवढे सगळे लोक एका लाँचच्या अंतरात पाहायला मिळतात. आणि खाडीची भाषा तुम्हाला येते. मुंबईच्या किंवा नागपूरच्या माणसाला तिथे भरती-ओहोटी समजावून सांगावी लागते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: एर्नाकुलम आणि पलीकडचं फोर्ट कोची–मट्टनचेरी, यांच्या बाहेर पाऊल टाकू नका. आणि पलीकडे जायचं ते पाण्यावरून. रस्त्यानंही जाता येतं, पण पुलांना वळसे घालत जाण्यात अर्धी मजा संपते.

वारांचं मात्र जपा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद, शुक्रवारी दुपारनंतरही बंद. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांनी घुटमळू नये. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शुक्रवारी राजवाड्याच्या फाटकावरून परत फिरले आणि शनिवारी सिनेगॉगच्या. लाज वाटण्याची गोष्ट अशी, की मी रायगडची. ‘शनवार तेली’ हा शब्द लहानपणापासून ऐकलेला. आमच्या गावातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा चालवत नसत म्हणून ते नाव पडलं, हे ठाऊक असलेल्या बाईनं शनिवारी सिनेगॉगचं दार ठोठवावं!

तुमच्या दिवसांत हे असं बसतं. बुधवारी गाडी वेळेवर पोचली, तरी लांब काही काढू नका. अंघोळ करा, पीपीटी एकदा चालवून बघा, आणि उजेड असेल तर मंगळवनमपर्यंत चालत जा. केरळ उच्च न्यायालयाच्या मागे, मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, तीन हेक्टरांपेक्षाही लहान असं कांदळवन शिल्लक आहे. फाटकाच्या वेळा हॉटेलवर विचारून निघा. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मधे तिवरांची मुळं चिखलातून वर डोकावताहेत. बगळे, पाणकावळे, वटवाघळं. आमच्यासारख्यांना तिथे पंधरा मिनिटं पुरतात. तुम्हाला सहकाऱ्यांनी ओढून बाहेर काढावं लागेल. शुक्रवारी निबंधाच्या सुरुवातीला ‘परवा इथून दहा मिनिटांवर मी जे पाहिलं’ असं एक वाक्य टाकता आलं तर खोली जागी होते, हा माझा अनुभव.

गुरुवारी उद्‌घाटन, सत्कार, दीपप्रज्वलन, लांबलेलं बीजभाषण. संध्याकाळी डोकं जड झालेलं असेल. तेव्हा फक्त बोटीत बसून पलीकडे जा आणि परत या. दोन पर्याय आहेत. एर्नाकुलम जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याच्या जुन्या लाँच सुटतात, चहाच्या पैशांत पलीकडे नेतात आणि त्यात कामावरून परतणारी माणसं असतात. दुसरा पर्याय वॉटर मेट्रोचा. ही सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी, कोचीन शिपयार्डमध्येच बांधलेल्या. धक्का तरंगता असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, बोटीचा डेक आणि धक्का एका पातळीत राहतात. दाभोळच्या फेरीबोटीत चढताना साडी सावरणाऱ्या बाईला याचं मोल कळेल. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटाला रांग मोठी असते. माझं मत विचाराल तर जाताना जुनी लाँच, येताना मेट्रो. जुन्या लाँचला खिडक्यांना काच नाही, आणि खारा वारा काचेतून येत नाही.

वाटेत एका बाजूला विलिंग्डन बेट दिसेल. हे बेट देवानं केलेलं नाही, रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं केलेलं आहे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, त्यामुळे मोठ्या बोटी बाहेरच थांबायच्या. त्यानं तो कापून काढला, आणि १९२८ च्या मे महिन्यात ‘पद्मा’ ही मोठी आगबोट पहिल्यांदा आत आली. गाळ उपसला तो टाकायचा कुठे? त्याचं हे बेट झालं. बोट बंदराच्या तोंडाकडे वळली की पाण्यावर नजर ठेवा. कधी कधी डॉल्फिन वर येतात. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्या हिशेबानं पाचच्या आधी निघा. तिथे उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट किती वाजता, ते विचारून घ्यायचं. हा नियम एकटीसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे.

शुक्रवारी निबंध झाला, तुमचं सत्र संपलं, जेवण झालं की दुपारी फोर्ट कोची. एकटीच जाऊ नका. भीतीचं कारण नाही. तो भाग दिवसाउजेडी आणि संध्याकाळीही गजबजलेला असतो, एकट्या फिरणाऱ्या बायका पुष्कळ दिसतात. कारण वेगळं आहे. तुमच्या निबंधावर ज्यांनी प्रश्न विचारला असेल, त्यांना विचारा, ‘येताय का पलीकडे?’ परिषदेत कामाचं बोलणं सभागृहात फार होत नाही, ते असंच चालता चालता होतं. माझ्या दोन पक्क्या मैत्रिणी अशाच एका लाँचवर झाल्या आहेत. सर तिकडे मुन्नारला असतील, म्हणजे मोकळेपणानंही बोलता येईल.

धक्क्याजवळच ती प्रसिद्ध चिनी जाळी आहेत, तिथली मंडळी चीनवला म्हणतात. चिन्यांनी आणली की पोर्तुगीजांनी मकावहून, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. तुम्ही ती छायाचित्रापुरती बघू नका, रापण पाहिलेल्या डोळ्यांनी बघा. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला सगळी वाडी लागते. इथे चार-सहा माणसं दोऱ्यांना बांधलेल्या दगडांच्या भारानं अख्खं जाळं खाली-वर करतात. वर आलेल्या जाळ्यात बहुतेक वेळा मूठभर मासळी असते. म्हणूनच मग ते पर्यटकांना ‘दोरी ओढून बघा’ म्हणतात आणि नंतर पैसे मागतात. द्यावेत. पण किती ते आधी बोलून घ्यावं.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च पायी पाच-सात मिनिटांवर. १५०३ मध्ये लाकडी स्वरूपात उभं राहिलेलं हे भारतातलं सर्वांत जुनं युरोपीय चर्च समजतात. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला, त्याला इथेच पुरलं, आणि १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या. दगड तेवढा राहिला आहे. रिकामी कबर पाहायला एवढे लोक येतात, याची मला दर वेळी गंमत वाटते. मला तिथले छताला टांगलेले कापडी पंखे जास्त आवडतात. त्यांची दोरी बाहेर बसलेल्या माणसाच्या हातात असायची. आतल्यांना वारा, बाहेरच्याला घाम.

पाचपर्यंत कथकलीच्या केंद्रात पोचलात तर रंगभूषा पाहता येते. खेळ सहाच्या सुमारास असतो, पर्यटकांसाठी दीड तासात आवरलेला. खेळापेक्षा रंगभूषा पाहावी असं मी म्हणेन. माणूस आडवा पडलेला असतो, दुसरा त्याच्या हनुवटीला तांदळाच्या पिठीनं कागदाची कड चिकटवत असतो, आणि तासाभरात ओळखीचा चेहरा नाहीसा होतो. सूर्यास्त आणि कथकली दोन्ही त्याच वेळेला येतात, म्हणून तर सूर्यास्त गुरुवारी उरकायला सांगितला.

शनिवारी समारोपापर्यंत बसा आणि प्रमाणपत्र स्वतःच्या हातानं घ्या.

रविवार सकाळ मट्टनचेरीसाठी, आणि तुम्हाला माझ्या मते खरा खजिना तिथे आहे. दहाच्या सुमारास राजवाड्यात शिरा. बाहेरून पाहिलात तर कोकणातला ऐसपैस कौलारू वाडा वाटेल. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीनच्या राजाला दिला, डचांनी डागडुजी केली म्हणून नाव पडलं डच पॅलेस. आतल्या शयनगृहाच्या भिंती रामायणानं भरलेल्या आहेत: गेरू, पिवळा, हिरवा, एक बोट टेकायला जागा रिकामी नाही. फोटो काढू देत नाहीत, ते एका परीनं बरंच. सिनेगॉग तिथून दोन मिनिटांवर. १५६८ चं. पायताण बाहेर काढायचं, कारण खाली अठराव्या शतकातल्या हातानं रंगवलेल्या चिनी फरश्या आहेत, निळ्या-पांढऱ्या. त्यावरून अनवाणी चालायचं. ज्यांनी त्या बसवल्या त्यांची वंशज मंडळी बहुतेक इस्रायलला गेली, गल्लीत आता दुकानंच दुकानं.

पण खजिना म्हटलं तो हा नव्हे. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या आहात, तर ‘हॉर्तुस मलबारिकुस’ ठाऊक असणारच. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडेनं कोचीत बसून तयार करवलेला, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेला, मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींचा ग्रंथ. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट असे तिघे कोंकणी ब्राह्मणही होते. त्यांचं कोंकणीतलं, नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेल्या सारस्वतांनी इथे आसरा घेतला. त्यांचं तिरुमल देवस्थान मट्टनचेरीत चेरलाईला आहे. त्या गल्लीत उभं राहून कान दिलात तर मल्याळममधून मधेच कोंकणी कानावर येते, आणि रत्नागिरीच्या माणसाला त्यातली निम्मी तरी समजते.

आणि गंमत पुढेच आहे. कांदळाच्या एका प्रजातीचं नाव ‘कांडेलिया’. ते आलं ऱ्हेडेच्या पुस्तकातल्या ‘त्सेरू-कांदेल’वरून, म्हणजे मल्याळममधलं चेरुकंडल, लहान कांदळ. मल्याळममध्ये कंडल, आपल्याकडे कांदळ. ज्या शब्दावर तुम्ही निबंध वाचणार आहात, तो लॅटिनमध्ये गेला तो या गावावरून.

खाण्याचं थोडक्यात. माशाच्या लाल कालवणात आंबटपणा असतो तो कुडमपुळीचा. ती आपल्या कोकमाची सख्खी बहीण, दोघीही गार्सिनिया. घरी नेण्यासारखी वस्तू तीच. ज्यू टाउनच्या दुकानांतून जायफळ आणि मिरी मात्र खरेदी करू नका. तिथले भाव पर्यटकांचे आहेत, आणि रत्नागिरीच्या बाईनं कोचीहून जायफळ आणलं तर सासूबाई परसात नेऊन झाड दाखवतील. नोव्हेंबरात तिथे परतीचा पाऊस असतो, बहुधा दुपारनंतर गडगडाटासह. छत्री बोटीत विसरू नका, मी दोन विसरल्या आहेत.

साडेअकरा-बाराला मट्टनचेरी सोडा आणि या वेळी बोट नको, रिक्षानं पुलांवरून थेट स्टेशनला या. एर्नाकुलमला दोन स्टेशनं आहेत, जंक्शन आणि टाउन, आणि स्थानिक लोक त्यांना साउथ आणि नॉर्थ म्हणतात. तिकिटावर कुठलं नाव आहे ते शनिवारी रात्रीच पाहून ठेवा. रिक्षावाल्याला नुसतं ‘रेल्वे स्टेशन’ म्हणालात तर तो विचारेल, आणि तेव्हा पिशवीतून चष्मा शोधायला वेळ नसतो.

— तुमची ताई